मध्यरक्षक, व्यावसायिक फुटबॉलमधील

मध्यरक्षक, व्यावसायिक फुटबॉलमधील : फुटबॉल संघातील बचावफळी व आघाडीची फळी यांच्या दरम्यान राहून त्या दोहोंना जोडणारा, आणि खेळ हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन आहे असा खेळाडू. मुंबई-गोव्याच्या मैदानांवर जुन्या पिढीत त्याला ‘हाफ’ किंवा ‘लिंकमन’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या दोन बचावपटू, तीन हाफ व पाच आघाडीपटू या रचनेत मधला हाफ हा संघाचा कणा समजला जाई. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलल्यानंतर त्याला मागे घेऊन तिसरा बचावपटू करण्यात आले. १९५८ च्या विश्वचषक स्पर्धेत ब्राझीलने चार-दोन-चार ही रचना यशस्वी करून दाखविली, तेव्हा मधल्या पट्ट्यात दोनच खेळाडू उरले. पुढे त्यांची संख्या पुन्हा वाढत गेली.

आधुनिक सामन्यात मध्यरक्षक सु. १० ते १२ किमी. धावतो, चेंडू मात्र त्यांपैकी मोजकी मिनिटेच त्याच्या पायाशी असतो. उरलेले धावणे मोकळी जागा व्यापण्यात, प्रतिस्पर्ध्याची वाट अडविण्यात आणि पुन्हा आपल्या जागी परतण्यात खर्च होते. गोलांच्या यादीत हे श्रम दिसत नाहीत. आघाडीपटूचे नाव दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येते. मध्यरक्षकाची किंमत प्रेक्षकांपेक्षा त्याच्या प्रशिक्षकाला अधिक कळते. त्यामुळे त्याची कारकीर्द गुणवत्तेइतकीच, ज्या संघव्यवस्थेत तो वाढतो त्या व्यवस्थेच्या स्थैर्यावर अवलंबून असते. एप्रिल १९७७ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या दोन मध्यरक्षकांच्या कारकिर्दींवरून हा फरक स्पष्ट होतो. त्यांपैकी एकाची कारकीर्द युरोपात घडून नवी मुंबईत संपली, तर दुसऱ्याची मुंबईत घडून अकाली थांबली.

फ्रेडरिक (फ्रेडी) ल्युंगबर्ग याचा जन्म १६ एप्रिल १९७७ रोजी स्वीडनमधील व्हिटशो या गावी झाला. हाल्मस्टाड येथील क्लबमध्ये तो लहानपणापासून खेळला आणि १९९४ मध्ये त्याच्या ज्येष्ठ संघात आला. या क्लबने १९९७ मध्ये स्वीडिश लीगचे विजेतेपद मिळविले. सप्टेंबर १९९८ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबने सु. ३० लाख पौंड देऊन त्याला घेतले. हे स्थलांतर सुलभ होण्यास एक कायदेशीर पार्श्वभूमी होती. युरोपीय न्यायालयाने १९९५ मध्ये बेल्जियन खेळाडू झां-मार्क बोस्मान याच्या खटल्यात दिलेल्या निर्णयाने, करार संपलेल्या खेळाडूला मोबदल्याच्या रकमेशिवाय क्लब बदलण्याची मुभा मिळाली आणि युरोपीय संघातील नागरिकांवरील संख्येचे बंधनही गेले. स्वीडन त्याच वर्षी युरोपीय संघात सामील झाला होता.

आर्सेनलकडून पहिल्याच सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरून ल्युंगबर्गने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध गोल केला. मधल्या पट्ट्यातून निघून बचावपटूंच्या पाठीमागे नेमक्या क्षणी पोहोचणे हे त्याचे वैशिष्ट्य. चेंडू येण्यापूर्वीचे ते धावणे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर बहुधा दिसतच नसे. २००१-०२ च्या हंगामात त्याने लीगमध्ये १२ गोल केले. त्या वर्षी आर्सेनलने लीग व एफ. ए. चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळविली आणि चषकाच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध त्याचाही एक गोल होता. २००३-०४ मध्ये एकही सामना न हरता लीग जिंकणाऱ्या संघातही तो होता. स्वीडनतर्फे तो ७५ सामने खेळला व २००६ ते २००८ या काळात कर्णधार होता. पुढील वाटचाल मात्र उताराची होती : वेस्ट हॅम, अमेरिकेतील सिॲटल व शिकागो, स्कॉटलंडमधील सेल्टिक आणि जपानमधील शिमिझु. कंबरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया करावी लागली होती. २०१२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा मुंबई सिटी संघाने त्याला करारबद्ध केले. या संघाचे घरचे मैदान होते नवी मुंबईत नेरूळ येथील डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुल. २००८ मध्ये खुले झालेले हे मैदान मूळचे क्रिकेटचे, सु. ५५,००० प्रेक्षकांची सोय असलेल्या त्या भव्य वर्तुळात फुटबॉलचा आयत आखला गेला. मुंबई सिटीकडून ल्युंगबर्ग अवघे चार सामने खेळला, आणि हाच त्याचा अखेरचा क्लब ठरला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. नावाच्या आकर्षणाने प्रेक्षक येतात हे खरे. परंतु धावण्यावर ज्याचा खेळ उभा आहे, अशा मध्यरक्षकाला त्या वयात आणणे ही क्रीडादृष्ट्या फारशी विचारपूर्वक केलेली निवड म्हणता येणार नाही. त्याच हंगामात आंद्रे मोरित्झ या ब्राझिलियन मध्यरक्षकाने मात्र १८ ऑक्टोबर २०१४ रोजी याच मैदानावर पुण्याच्या संघाविरुद्ध लीगच्या इतिहासातील पहिली हॅट्ट्रिक केली. त्याने ब्राझील, तुर्कस्तान व इंग्लंड येथील क्लबांतून खेळत मुंबई गाठली होती आणि वयाने तो अठ्ठाविशीत होता.

लीगच्या आरंभी मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू उतरविता येत. संघाचा मधला भाग त्यांच्याकडे सोपवून भारतीय खेळाडूंना कडेला ठेवण्याकडे प्रशिक्षकांचा कल होता. याचा फटका देशी मध्यरक्षकांना बसला. पुढे ही संख्या २०१७-१८ पासून पाच व २०२१-२२ पासून चार अशी कमी करण्यात आली.

खालिद जमील याचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये झाला. त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द मुंबईत घडली. महिंद्र युनायटेड व एअर इंडिया या संघांकडून तो मध्यरक्षक म्हणून खेळला व त्याने भारताचे प्रतिनिधित्वही केले. त्याला लाभलेली व्यवस्था हाल्मस्टाडपेक्षा अगदी वेगळी होती. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका अशा आस्थापनांचे संघ कूपरेज मैदानावर खेळत. खेळाडूला नोकरी मिळे, सरावासाठी सवलत मिळे आणि खेळ संपल्यावर त्याच नोकरीत निवृत्तीपर्यंत राहता येई. मध्यमवर्गीय घराला ही हमी मोठी वाटे, आणि ती वाजवीही होती. मात्र आस्थापनेचे धोरण बदलले की संघ नाहीसा होई. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली व पूर्णवेळ व्यावसायिकतेची भाषा आली. तरी महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता संघ २०१० मध्ये बंद करण्यात आला. क्लब-परवान्याच्या अटी पूर्ण न केल्याने २०१३ मध्ये एअर इंडियाला आय-लीगबाहेर जावे लागले. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफ. सी. हा संघही २०१७ नंतर राहिला नाही. ज्या तीन संघांशी जमीलचे नाव जोडलेले आहे, त्यांपैकी दोन अशा रीतीने इतिहासजमा झाले आणि तिसरा राष्ट्रीय लीगमधून बाहेर गेला.

परदेशी जाण्याची वाट भारतीय मध्यरक्षकाला सहसा खुली नसते. ब्रिटनमधील परवान्यासाठी खेळाडूच्या देशाचे जागतिक क्रमवारीतील स्थान विचारात घेतले जाई. याच कारणाने २००९ मध्ये आघाडीपटू सुनील छेत्री यालाही क्वीन्स पार्क रेंजर्सकडून खेळता आले नाही. गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस (जन्म १९९४, मडगाव) किशोरवयात दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या अकादमीत शिकला, इंग्लंडमधील क्लबांत त्याने चाचण्या दिल्या आणि अखेर तो गोव्यास परतला. एफ. सी. गोवाकडून खेळताना एप्रिल २०२१ मध्ये इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध त्याने मारलेल्या चेंडूवर एदू बेदियाने केलेला गोल हा आशियाई चँपियन्स लीगच्या गटफेरीतील भारतीय क्लबचा पहिला गोल होय. २०२४ मध्ये तो मुंबई सिटीकडे आला.

नेरूळचे मैदान कारकिर्दी संपण्याचेच ठिकाण राहिले नाही. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना तेथे झाला. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मुलींच्या याच वयोगटाच्या अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियास १-० असे हरविले. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा सुवर्णचेंडू विकी लोपेझ या सोळा वर्षांच्या मध्यरक्षक मुलीस मिळाला. पुढे ती बार्सिलोनाच्या व स्पेनच्या ज्येष्ठ संघांत स्थिरावली. नवी मुंबईतच २०१५ पासून रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी चालते व तेथील पहिल्या तुकडीतील काही मुलांना २०२० मध्ये सुपर लीगच्या क्लबांनी घेतले. अशा संस्थांना आंतरराष्ट्रीय महासंघाच्या एका नियमाचा आधार आहे : करार चालू असलेला खेळाडू मोबदला देऊन परदेशी क्लबकडे गेला, तर १२ ते २३ या वयात त्याला घडविणाऱ्या क्लबांना त्या रकमेचा पाच टक्के भाग वाटून द्यावा लागतो.

ल्युंगबर्गने २०१९ च्या अखेरीस काही आठवडे आर्सेनलचे हंगामी प्रशिक्षकपद सांभाळले. दुखापतींनी ग्रासलेला जमील २००९ मध्येच मुंबई एफ. सी.चा प्रशिक्षक झाला. त्याने २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐजॉल संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने त्याची नेमणूक केली, तेव्हा सुपर लीगमधील संघाचा पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक होणारा तो पहिला भारतीय ठरला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला भारतीय संघाचे प्रशिक्षकपद देण्यात आले. त्या वेळी लीगच्या व्यापारी हक्कांचा करार संपत आल्यामुळे सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम अडून राहिला होता, आणि ज्या खेळाडूंमधून त्याला संघ निवडायचा होता त्यांपैकी अनेकांचे क्लबमधील सराव व वेतन अनिश्चित झाले होते.