एकच वाहिनी, एकच संध्याकाळ

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, वरळीहून. सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे पुढे पुणेकरांनाही ते दिसू लागलं. चित्र कृष्णधवल आणि वाहिनी एकच, म्हणून एकाच घरात सगळ्यांनी सगळंच पाहिलं. ‘आमची माती, आमची माणसं’मधली पिकांवरची कीड शहरातल्या आजीलाही ठाऊक असायची! मग बातम्या. तिथे पुढे अभिनेत्री झालेली स्मिता पाटील बातम्या वाचताना दिसायची. जीन्सवरच साडी नेसून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा प्रसिद्धच आहे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो विनायक चासकरांचा ‘गजरा’. छोट्या छोट्या नाटुकल्या एका सूत्रात ओवलेल्या, नेपथ्य बेताचं, सगळी भिस्त नटांवर. प्रायोगिक रंगभूमीवरचे चेहरे त्यातून थेट घराघरांत पोचले. सुहासिनी मुळगावकरांच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’त साहित्यिक निवांत बोलत. अभिनेत्री तबस्सुमच्या गप्पा आणि ‘छायागीत’मधली चित्रपटगीतं यांच्यासाठी तर शेजारीपाजारी सतरंजीवर दाटीवाटीने बसत.

आणि ‘चिमणराव’ ही मालिका! चिं. वि. जोशींच्या कथांमधले चिमणराव-गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी असे उभे केले, की आजही पुस्तक उघडलं की हेच दोघे दिसतात.