कार्बोरेटर उघडताना

हंगाम संपला की पॉवर वीडर किंवा पाण्याचा पंप शेडमध्ये जातो. काही महिन्यांनी बाहेर काढावा, तर दोरी ओढून ओढून हात भरून येतात आणि इंजिन काही दाद देत नाही. किंवा सुरू होते, पण चोक उघडला की बंद पडते. प्लग ठीक आहे, ताजे पेट्रोल भरले आहे, तरीही हाच प्रकार असेल तर बहुधा कार्बोरेटर चोंदलेला असतो. वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते.

उदाहरणासाठी १६३ सीसीचे होंडा जीएक्स १६० इंजिन घेऊ. पेट्रोल ज्या वाटेने जाते त्याच वाटेने आपण गेलो, तर काही सुटत नाही.

इंजिन थंड होऊ द्या, प्लगची कॅप काढा, आसपास विडीकाडी नको. कॉक बंद करा. वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल भांड्यात घ्या. त्यात पाण्याचे थेंब किंवा तांबूस गाळ दिसला, तर टाकी आणि कॉकखालची गाळाची वाटीही धुवावी लागेल.

आता मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः गव्हर्नरच्या दांडीचा आणि तिच्याजवळच्या बारीक स्प्रिंगचा. १० च्या पान्याने एअर फिल्टरचे नट-बोल्ट काढा, पेट्रोलचा पाइप सोडवा. कार्बोरेटर दोन स्टडवरून अर्धा बाहेर ओढून किंचित तिरका करा, म्हणजे दांडी आणि स्प्रिंग सुटतात. स्प्रिंग ताणू नका, ती ताणली गेली तर इंजिनाची गती बिघडते. मागच्या पॅकिंगांचा आणि काळ्या इन्सुलेटरचा क्रम लक्षात ठेवा.

वाटीचा बोल्ट काढला की फ्लोट दिसतो. त्याची पिन सरकवली की फ्लोटबरोबर सुईही हातात येते. पेट्रोल ओघळत असेल तर तिचे टोक भिंगाखाली पाहा. गोल चर पडली असेल, तर सुई बदला. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळले, तर तोही बदला.

मधल्या खांबात मेन जेट असतो. तो पितळी, म्हणजे मऊ, म्हणून खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर लावा. जेट निघाला की बाजूला बारीक भोके असलेली नळीही खाली येते. आयडलचा स्क्रू काढल्यावर प्लास्टिकचा स्लो जेट वर उचलता येतो. चोकशिवाय इंजिन चालत नसेल, तर खरा गुन्हेगार बहुतेक वेळा या दोन जेटांपैकी एक असतो.

रबरी भाग बाजूला ठेवून, चष्मा लावून कार्बोरेटर क्लीनर मारा, मग हवा मारा. जेट उजेडाकडे धरा. भोक पूर्ण गोल आणि लखलखीत दिसले पाहिजे. कचरा अडकलाच असेल, तर वायरीतली तांब्याची एकच तार वापरा. टाचणी किंवा पोलादी तार घातली की भोक मोठे होते आणि इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागते.

जोडताना उलटा क्रम. कार्बोरेटर कडेवर असा धरा की सुई जागेला टेकेल, पण तिची स्प्रिंग दबणार नाही. मग फ्लोटची उंची मोजा. ती १३.७ मिलिमीटरच्या आसपास असावी. फाटलेले पॅकिंग पुन्हा वापरू नका, तिथून हवा शिरली तर सगळी मेहनत वाया. दोरी ओढण्याआधी कॉक उघडून पाच मिनिटे थांबा आणि वाटीखाली बोट फिरवा. बोट कोरडे राहिले, तर सुई बरोबर बसली.

पुढच्या वेळी यंत्र ठेवून देताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि उरलेले थेंब ड्रेनमधून काढा. रिकाम्या वाटीत थर बसायला काही उरत नाही.