घरावरील सौर विजेची जोडणी व तींतील सावधगिरी

केंद्र सरकारनें २०२४ सालच्या फेब्रुवारींत सूर्यघर योजना सुरू केली. तींत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यांत आलें आहे. तेव्हां आपल्या गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील पुष्कळ कास्तकार बंधु घरावर सौर पॅनेलें बसविण्याचा विचार करीत असतील. विचार उत्तम आहे. परंतु या विजेचा स्वभाव तारेच्या विजेहून निराळा असल्यामुळें तिची ओळख करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

खांबावरून येणारी वीज मुख्य बटण बंद केलें म्हणजे घरांत थांबते. पॅनेलाची वीज मात्र ऊन आहे तोंवर थांबत नाहीं. एका मोठ्या पॅनेलाचा दाब सुमारें ४० ते ५० व्होल्ट असतो. अशीं सहा पॅनेलें ओळीनें जोडलीं कीं तो २४० ते ३०० व्होल्ट होतो, आणि एवढा दाब प्राण घेण्यास पुरेसा आहे. यास्तव काम चालू असतांना पॅनेलांवर जाड, उजेड न शिरणारी ताडपत्री घालावी.

दुसरी गोष्ट ठिणगीची. घरांतील वीज उलटसुलट वाहते व सेकंदास १०० वेळां शून्यावर येते. म्हणून बटण उघडतांना उठलेली ठिणगी सहसा तेव्हांच विझते. पॅनेलाचा प्रवाह एकाच दिशेनें अखंड वाहत असल्यामुळें त्याची ठिणगी विझण्याऐवजीं ताणली जाऊन ज्वाळेप्रमाणें जळत राहते. जेथें छपराला लाकडी फाटे व आंगणांत तणसाचा ढीग, तेथें एवढी ठिणगी घर खाण्यास पुरे. म्हणून पॅनेलाच्या बाजूस डी.सी. करितां बनविलेलेंच बटण घ्यावें. घरांतलें साधें एम.सी.बी. तेथें लावूं नये. संच बंद करतांना प्रथम इन्व्हर्टरचें घराकडील बटण व नंतर पॅनेलाकडील बटण बंद करावें. संच चालू असतां पॅनेलाची जोडखुंटी कधींहि ओढूं नये. तारा नळींतून न्याव्या, म्हणजे उंदीर त्या कुरतडणार नाहींत.

पावसाळ्याच्या तोंडीं आपल्याकडे आकाशांतून वीज पडून माणसें व गुरें दगावतात. याकरितां पॅनेलांची चौकट व इन्व्हर्टर यांस अर्थिंग असलेंच पाहिजे. वीजरोधकाच्या अर्थिंगचा खड्डा निराळा ठेवावा. मुरमाड जमीन उन्हाळ्यांत कोरडी पडते; तेव्हां खड्ड्यांत पाणी घालीत जावें व दरवर्षीं अर्थिंग तपासून घ्यावें.

पुष्कळांची तक्रार असते कीं, लाइन गेली कीं भर उन्हांत सौर संचहि बंद पडतो. हा दोष नव्हे, ती योजना आहे. वादळांत झाड पडून तार तुटली कीं लाइनमन खांबावर चढतो. त्या वेळीं आपल्या घरची वीज तारेंत शिरली, तर गांवचें रोहित्र उलट बाजूनें २३० व्होल्टचे ११,००० व्होल्ट करील, आणि बंद समजलेली तार त्या माणसाचा जीव घेईल. म्हणून हा बंदोबस्त कोणी मोडूं नये. जनरेटर किंवा बॅटरीचा इन्व्हर्टर भिंतींतील सॉकेटांत खुपसून घर उजळूं नये. लाइन नसतांना वीज हवीच असेल, तर त्यासाठीं बनविलेला बॅटरीचा संच घ्यावा व तारेपासून तोडणारें बटण त्यास बसवून घ्यावें.

धानाच्या बांधींत रानडुकरें शिरतात म्हणून कोणी इन्व्हर्टरची वीज कुंपणास जोडण्याचा मोह धरील. तें जीवघेणें आहे व गुन्हाहि आहे. सौर कुंपणाचें यंत्र क्षणभरच झटका देतें व मध्यें थांबतें; इन्व्हर्टरची वीज थांबत नाहीं. तिच्यावर रात्रीं पाय पडला, तर तो डुकराचाच असेल असें नाहीं.

हीं कामें परवानाधारक वायरमनकडूनच करवावीं, आणि कोणतें बटण कशाचें हें घरांतील प्रत्येकास दाखवून ठेवावें. संकटसमयीं पुस्तक उघडण्यास वेळ नसतो.