मातींत उमटणारा आपला हात



आजच्या भाषणाचा विषय कुंभारकाम आहे, हें ऐकून सुशिक्षित गृहस्थास याचें काय प्रयोजन, असें कित्येकांच्या मनांत येईल. आपल्या घरांत मडकें येतें तें संक्रांतीच्या सुगडापुरतें, किंवा उन्हाळ्यांत माठ म्हणून. परंतु आपल्या अंगीं कांहीं रचण्याची शक्ति आहे काय, आणि असल्यास तिची धाटणी कोणती, हें पाहावयाचें असेल तर मातीसारखा निर्भीड परीक्षक मला तरी दुसरा भेटला नाहीं.

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव नांवाचें गांव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांचें उत्खनन डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६८ ते १९८३ या काळांत केलें. इ. स. पूर्वी सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती. घरें निघालीं, धान्याचीं पेंवें निघालीं, भांडीं भाजण्याची गोल भट्टीहि निघाली. तेथील उत्तम भांड्यांस संगमनेर तालुक्यांतील जोर्वे गांवावरून जोर्वे भांडीं म्हणतात. चाकावर घडविलेलीं, आणि इतकीं पक्कीं भाजलेलीं कीं टिचकी मारली असतां धातूसारखा नाद यावा. घाट ठरलेले: मध्यावर कड असलेला वाडगा, तोटीचें भांडें. तांबड्या अंगावर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा, जाळीचे चौकोन. सुमारें चार शतकें हाच परिपाठ! मग व्यक्तीला वाव तो कोठें?

तेथेंच एका घराशीं चार पायांचा मातीचा रांजण सांपडला. त्यांत प्रौढ पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितींत होता, आणि सोबत तोटीचें एक भांडें. त्या भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगविलेली आहे. ज्या हातानें ती काढली त्यास नेहमींच्या रेघा येत असल्याच पाहिजेत. त्या येत होत्या म्हणूनच तो त्यांच्या पलीकडे पाऊल टाकूं शकला, असें मला वाटतें.

घोड पुढें भीमेस मिळते आणि भीमा दौंडाजवळून वाहते. दौंडास असतांना एका वृद्ध कुंभाराच्या ओट्यावर मी चार महिने जाऊन बसत असें. नदीकांठची माती चाळून भिजवावयाची, तींत राख व लीद कालवून ती पायांनीं तुडवावयाची, हा पहिला पाठ. लीदीमुळें माती वाळतांना सहसा तडकत नाहीं. आव्यांत ती जळून बारीक छिद्रें राहतात, त्यांतून पाणी पाझरतें, वाऱ्यानें उडून जातें आणि माठ गार राहतो. गोळा चाकाच्या मध्यावर बसविण्यांतच माझा पंधरवडा गेला. मनांत मात्र ती इनामगांवची नाव होती. बाबांस तसें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "गुरुजी, आधीं शंभर पणत्या करा."

पणत्या झाल्या. बाबांनीं त्या आपल्या मुलाच्या पणत्यांत मिसळल्या, आणि डोळे मिटून नुसत्या बोटांनीं माझ्या वेगळ्या काढल्या. मी विचारलें, "कशा ओळखल्या, बाबा?" ते म्हणाले, "तुमचा कांठ आंत वळतो. बोट काढून घेतांना तुम्ही भितां." मी खजील झालों. जरा वेळानें त्यांनीं एकींत तेल ओतलें, ती कलती केली आणि हंसून म्हणाले, "पण तेल सांडत नाहीं."

शाळेंत चित्रकला शिकवितांना तक्त्यावरील जास्वंद ज्याची हुबेहूब उतरे त्यास मी पैकींच्या पैकीं गुण देत असें. एका मुलाची रेघ नेहमीं डावीकडे झुके. ती मीं वर्षभर रबरानें पुसली. ती रेघ आज डोळ्यांपुढें येते. मुलाचें नांव आठवत नाहीं.

ज्यांना हा प्रयोग घरीं करावयाचा असेल त्यांस चाकाची जरूरी नाहीं. मळलेल्या मातीचा लिंबाएवढा गोळा घ्यावा, त्यांत अंगठा रुतवून चिमटीनें कडा उभारावी. अशा वीस वाट्या एकाच मापाच्या कराव्या. नक्षी नको, नवेंपण नको. सावलींत वाळवून ओळीनें मांडाव्या आणि विसांतहि पुनःपुन्हां काय येतें तें पाहावें. बूड जाड राहून तडा जात असेल तर तो दोष, तो घालवावा. कांठ एकीकडे झुकत असेल आणि वाटी नीट बसत असेल, तर घाई करूं नये. तो झोंक मुद्दाम थोडा वाढवून पाहावा. वाट्या कुंभाराच्या आव्यांत द्याव्या. सुमारें ६०० अंश सेंटिग्रेडच्या पुढें मातीच्या घटनेंतीलच पाणी निघून जातें. मग ती पाण्यांत विरघळत नाहीं. मोकळी हवा लागली तर आंतील लोहामुळें ती तांबडी होते, धूर कोंडला तर काळी. तो रंग आपल्या हातीं नसतो, हेंहि बरेंच.

माझ्या शंभरांपैकीं सत्त्याऐंशी पणत्या आव्यांतून धड निघाल्या. त्या दिवाळींत लावल्या. नाव अजून काढावयाची आहे.