छायाचित्रकाराचे आहार्य : कोलकात्यातील वेश, विश्वास आणि व्यवसाय

छायाचित्रकाराने जे पाहिले त्याविषयी विपुल लेखन झाले आहे. छायाचित्रकार स्वतः कसा दिसत होता, याची दखल मात्र क्वचितच घेतली गेली. भाषेनेही त्याला जणू आडोसाच दिला आहे. मराठीत ‘छायाचित्र’ म्हणतात, बंगालीत ‘आलोकचित्र’. एका भाषेने सावली पाहिली, दुसरीने उजेड. मराठी माणूस फोटो ‘काढतो’, हिंदीभाषक तो ‘खेचतो’, बंगाली माणूस छबी ‘तोलतो’, म्हणजे उचलतो. तिन्ही क्रियापदांचे लक्ष चित्राकडे आहे; चित्र काढणाऱ्याच्या रूपाला त्यांत स्थान नाही. ग्राहकाच्या अनुभवात हा क्रम नेमका उलटा असतो. चित्र हाती येण्यापूर्वी त्याला माणूस दिसतो. त्याचा अंगरखा किंवा कोट, त्याची बोटे, वय, बोलण्याची ढब हे सारे पाहूनच आपला चेहरा या माणसाच्या स्वाधीन करावा की नाही, याचा निर्णय ग्राहक करीत असतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आहार्य म्हणजे वेशभूषा, अलंकार, रंगलेपन यांनी साधणारा अभिनय. पात्र बोलू लागण्यापूर्वीच ते कोण आहे हे प्रेक्षकाला कळते, ते आहार्यामुळे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी दैनंदिन व्यवहारातील आत्मप्रदर्शनावरील आपल्या ग्रंथात जवळजवळ हीच गोष्ट नाट्याच्या परिभाषेत मांडली. वेश, वय, लिंग, वंशाच्या खुणा, देहाची ठेवण, बोलण्याची रीत यांची मिळून माणसाची एक दर्शनी बाजू बनते, आणि समोरचा माणूस तीवरून पुढच्या वर्तनाचा अंदाज बांधतो. गॉफमन यांच्या यादीतील वेश तेवढा बदलता येतो. वय, लिंग, वंश बदलता येत नाहीत. कोलकात्याच्या (२००१ पर्यंतच्या अधिकृत इंग्रजी नावाने ‘कॅलकटा’च्या) छायाचित्रण-व्यवसायाचा इतिहास या दोहोंतील अंतर दाखवून देतो.

प्रथम प्रत्यक्ष प्रसंग लक्षात घ्यावयास हवा. एकोणिसाव्या शतकात चित्र उतरण्यास काही सेकंद लागत. तेवढा वेळ ग्राहकाने निश्चल राहावे म्हणून त्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावीत. छायाचित्रकार जवळ येई, हनुवटी किंचित वर करी, खांदा वळवी, पदराची चुणी नीट करी आणि मग काळ्या कापडाखाली नाहीसा होई. म्हणजे भिंग उघडण्यापूर्वीची सारी मिनिटे परक्या माणसाच्या नजरेची व स्पर्शाची होती. ज्या समाजात स्पर्शाला जातीचे आणि नजरेला पडद्याचे नियम होते, तेथे छायाचित्रकार कसा दिसतो हा प्रश्न नीटनेटकेपणापुरता मर्यादित राहणे शक्यच नव्हते.

त्यात तंत्राची स्वतःची खूण होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावे लागे. हे द्रावण कातडीला लागले की उजेडात तपकिरी-काळे डाग उमटत आणि ते दिवसेंदिवस जात नसत. ते घालविण्यासाठी काही जण पोटॅशियम सायनाइडने हात धूत. स्वच्छ दिसण्याची ही किंमत अंगावर काटा आणणारी आहे. काळवंडलेली बोटे हा त्या काळातील छायाचित्रकाराचा व्यवसायदर्शक अलंकारच होता म्हणावयाचा.

परंतु तोच डाग सर्वांच्या अंगावर सारखा दिसत नव्हता. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ मध्ये याच शहरात झाला. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी टेनिसन, कार्लाइल, हर्शेल यांची छायाचित्रे घेतली. त्यांच्यासमोर लहानपणी बसविल्या गेलेल्या एका स्त्रीने नंतर लिहिलेल्या आठवणींत त्यांचे रसायनांनी डागाळलेले आणि रसायनांचा वास येणारे काळे कपडे आले आहेत. या अवताराने कॅमेरॉन यांचे काही बिघडले नाही. उलट तो त्यांच्या प्रतिभेचा पुरावा ठरला. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्नीला आणि कवीच्या शेजारणीला विक्षिप्तपणा शोभून जातो. पोटासाठी दुकान मांडून बसलेल्या कारागिराला ती मुभा नव्हती. त्याचा डागाळलेला कफ पाहून ग्राहक एवढेच म्हणणार की, याच्याकडे टापटीप नाही.

कोलकात्यातील युरोपीय कंपन्यांनी हा प्रश्न व्यक्तीवर न ठेवता वास्तूवर सोपविला. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये भारतात आले. चार्ल्स शेफर्ड यांच्याबरोबरची त्यांची कंपनी त्याच दशकात कोलकात्यात स्थिरावली आणि बोर्न १८७० मध्ये परत गेल्यावरही ते नाव २०१६ पर्यंत, दुकान बंद होईतो, टिकले. मालक बदलत गेले तरी पाटी तीच राहिली. अशा ठिकाणी चित्र घेणारा हात कोणाचा, हे ग्राहक विचारीत नसे. दर्शनी बाजू इमारतीची होती. जोडीला वंशाची प्रतिष्ठा होतीच. बंगालच्या फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५६ मध्ये झाली. तिच्या पहिल्या पदाधिकाऱ्यांत राजेंद्रलाल मित्र होते. परंतु दुसऱ्याच वर्षी, निळीच्या मळेवाल्यांवर त्यांनी जाहीर सभेत केलेल्या टीकेनंतर, त्यांना सोसायटीतून काढण्यात आले. कॅमेऱ्यामागे कोण शोभतो यावरचा वाद या शहरात इतका जुना आहे.

जेथे इमारत व वंश दोन्ही निरुपयोगी ठरत, अशी एक जागा मात्र होती. ती म्हणजे अंतःपुर. चौरंगीवरील साहेबाचा उत्तम शिवलेला कोट बैठकीच्या खोलीपर्यंत चालत होता. आतल्या उंबरठ्यावर तोच कोट अडसर होई. व्यवसायाने ही अडचण लवकरच ओळखली. १८६३ मध्ये मिसेस मेयर यांनी ओल्ड कोर्ट हाउस स्ट्रीटवर केवळ स्त्रियांसाठी छायाचित्रगृह उघडले. हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये जनाना स्टुडिओ काढला, तोही मिसेस केनी-लेविक या इंग्रज स्त्रीच्या हाती सोपवून. शतकाच्या अखेरीस कॉर्नवॉलिस स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या विधान सरणीवर, सरोजिनी घोष यांचा महिला आर्ट स्टुडिओ चालू होता. दरम्यान कोरड्या जिलेटिन काचा बाजारात आल्या होत्या. बोटे काळी करणारी जागच्या जागी लेप देण्याची खटपट संपली आणि कॅमेरा घरगुती वस्त्रांनिशी हाताळणे शक्य झाले.

त्या वस्त्रांचाही एक इतिहास आहे आणि तो मुंबईतून जातो. सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले भारतीय सनदी अधिकारी १८६४ मध्ये मुंबई इलाख्यात रुजू झाले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी यांच्यापुढे प्रश्न होता तो असा की, घराबाहेर पडणाऱ्या बंगाली स्त्रीने नेसावे काय? तोवरची एकवस्त्रा साडी बाहेर चालण्याजोगी नव्हती. मुंबईत पाहिलेल्या पारशी स्त्रियांच्या रीतीवरून त्यांनी पोलके, परकर आणि खांद्यावरून पदर अशी नेसण्याची पद्धत घेतली, आणि ‘ब्राह्मिका साडी’ म्हणून ती बंगालमध्ये रुजली. जोडासाँको येथील टागोर-घराण्यातील स्त्रियांच्या छायाचित्रांशीही त्यांचे नाव निगडित आहे. स्त्रीने छायाचित्रात दिसण्यासाठी जो वेश लागला, तोच स्त्रीला छायाचित्रकार म्हणून बाहेर पडण्यासाठीही लागला, हा योगायोग समजण्याचे कारण नाही.

या परंपरेत अन्नपूर्णा दत्त (१८९४–१९७६) यांचे स्थान सर्वांत विचारार्ह आहे. बालवयात विवाह होऊन संसारात पडलेल्या या स्त्रीने पुढे छायाचित्रण हेच उपजीविकेचे साधन केले. त्या घरोघर जाऊन पडद्यातील स्त्रियांची छायाचित्रे घेत. मुस्लिम घराण्यांतही त्यांना प्रवेश होता. काचा धुणे व प्रती काढणे हे काम त्या स्वतःच करीत. मिसेस मेयर यांच्यापेक्षा त्यांची स्थिती वेगळी होती. इंग्रज बाईपाशी स्त्रीत्व असले तरी तिचा पोशाख, भाषा, वहाणा सारे परके. मध्यमवयीन, साडी नेसलेली, घरची भाषा बोलणारी स्त्री दारात उभी राहिली की बंगाली घरात तिच्यासाठी ‘मासीमा’, ‘दीदी’ अशी नाती आधीच तयार असतात. मावशीने हनुवटीला हात लावला तर कोण बिचकणार? जे मोठ्या कंपनीला काचेचे छत व गालिचे मांडून जमले नाही, ते या रूपाने केवळ उंबऱ्यावर उभे राहून साधले.

येथेच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे येते. ज्या दिसण्याने विश्वास मिळतो, त्याच दिसण्याने व्यावसायिक मान्यता हातची जाऊ शकते. घरच्या बाईसारखी दिसणारी स्त्री घरात शिरते खरी, पण घरच्या बाईच्या कामाला जसे काम म्हणत नाहीत, तसेच तिच्याही कौशल्याचे होते. कोटवाल्याचा तो धंदा, मासीमाची ती हौस अथवा अडचण. बोर्न आणि शेफर्ड यांचे नाव दीड शतक पाटीवर राहिले. वर्षानुवर्षे अंतःपुरे टिपणाऱ्या स्त्रीचे नाव मात्र ग्राहकांच्या घरांबाहेर फारसे गेले नाही.

हे केवळ बंगालचे वैशिष्ट्य होते काय, हे तपासण्यास मुंबईत घडलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे उदाहरण उपयोगी पडते. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या पारशी स्त्रीची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. १९४२ पासून दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या राजकीय समारंभांत वावरल्या. बाई काय छायाचित्रे घेणार, या समजुतीने पुरुष त्यांच्याकडे दुर्लक्ष करीत आणि त्या दुर्लक्षाचा आपल्याला फायदाच झाला, असे त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे. अन्नपूर्णा दत्त यांना साडीने आपलेपण दिले, व्यारावाला यांना अदृश्यता. दोन्हीकडे साडीने वाट मोकळी केली आणि दोन्हीकडे ती नेसणारीला प्रथमदर्शनी व्यावसायिक मानले गेले नाही. मात्र व्यारावाला वेशाला गौण मानीत नव्हत्या. वृत्तछायाचित्रकारांत पूर्वी पोशाखाची आणि वागण्याची मर्यादा पाळली जाई, ती सुटली, हे त्यांनी १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवण्याच्या कारणांत सांगितले. त्यांच्या दृष्टीने नीट पोशाख ही समोरच्याला दिलेली हमी होती : तुमच्या अप्रतिष्ठेचा क्षण टिपण्यासाठी मी आलेले नाही.

अन्नपूर्णा दत्त यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९८८ मध्ये, सिद्धार्थ घोष यांचा बंगाल्यांच्या छायाचित्रण-साधनेवरील ग्रंथ कोलकात्यात प्रसिद्ध झाला. ‘छबि तोला’ हे त्याचे नाव. जनाना स्टुडिओविषयीच्या त्यातील प्रकरणात बंगालच्या आरंभीच्या छायाचित्रकार स्त्रिया अभ्यासकांपुढे आल्या. ती नावे जुन्या जाहिरातींतून, वृत्तपत्रांच्या कात्रणांतून आणि घराघरांतील आठवणींतून वेचावी लागली होती. दुकानाच्या पाट्यांवर ती फारशी नव्हतीच.