मक्याला मुद्दाम आजारी पाडणारी माणसं

खोडकुजीला दाद न देणारा मका हवा असेल, तर आधी मका आजारी पाडता आला पाहिजे. शेतात हा रोग दरवर्षी येत नाही आणि आला तरी सगळीकडे सारखा नसतो. उभं राहिलेलं झाड खरंच चिवट होतं, की बुरशी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती, हे सांगता येत नाही. म्हणून पैदास केंद्रावर खोकीच्या खोकी टूथपिक येतात. "हॉटेल काढलंत का?" असं दुकानदार हमखास विचारतो.

या काड्या आधी पाण्यात पुन्हापुन्हा उकळायच्या. लाकडातली टॅनिनसारखी द्रव्यं निघून गेली नाहीत, तर बुरशी नीट धरत नाही. मग बटाट्याच्या अर्कात भिजवून, निर्जंतुक करून त्यांच्यावर मॅक्रोफोमिना बुरशी वाढवायची. काही दिवसांत काड्या काळ्याकुट्ट होतात. मका फुलोऱ्यावर आला की खालच्या दुसऱ्या पेरात टोच्याने भोक पाडून काडी तिरकी खुपसायची. दिवसभर वाकून, ओळीमागून ओळ. हे काम बहुतेक बायका करतात. वाणाच्या माहितीपत्रकावर 'खोडकुजीस प्रतिकारक' असं छापून येतं त्यामागे त्यांची मोडलेली कंबर असते आणि नाव कुठेच नसतं. हे मला कायम खुपत आलंय.

नुसती काडी खुपसून भागत नाही. ही बुरशी उष्णता आणि पाण्याचा ताण यांवर फोफावते. रब्बी ज्वारीला खडखड्या होतो तोही हिच्यामुळेच. म्हणून फुलोऱ्यानंतर पाणी तोडावं लागतं. एका हंगामात सुकत चाललेली पानं बघून राखणदाराला राहवलं नाही. रात्री वीज आली तशी त्यानं मोटर चालू केली आणि सगळ्या प्लॉटला पोटभर पाणी पाजलं. सकाळी शेत टवटवीत आणि पैदासकार बांधावर डोक्याला हात लावून बसलेले. रोगाला हमखास बळी पडतो म्हणून मुद्दाम मध्ये लावलेला वाणसुद्धा त्या वर्षी ताठ उभा राहिला. तो पडला नाही, तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. चाचणी रद्द झाली. राखणदाराला मात्र कोणी एका शब्दानं बोललं नाही, आणि ते योग्यच झालं.

खरी परीक्षा शेवटी. खोड उभं चिरायचं आणि १ ते ९ गुण द्यायचे. जितके गुण जास्त तितका रोग जास्त. कुजलेल्या खोडात गाभा उरलेला नसतो, नुसत्या शिरांचे धागे असतात आणि त्यांवर बारीक काळी पूड.

इथे नवखे फसतात. एका नव्या सहायकानं एक हिरवीगार, आतून पांढरीशुभ्र ओळ शोधून काढली आणि सगळ्यांना बोलावून दाखवली. जुन्या पैदासकारांनी खोडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी कणीस सोललं. आत दाणेच भरलेले नव्हते. पानांत तयार होणारी साखर फुलोऱ्यानंतर कणीस ओढून घेतं. भरत असलेलं कणीस खोडाच्या वाट्याचंही खातं, खोडाच्या पेशी उपाशी मरायला लागतात आणि बुरशीला वाट मिळते. कणीस रिकामं राहिलं तर खोड सुखात. म्हणजे फक्त निरोगी खोडं निवडत गेलं, तर हाती वांझ मका येणार! जड कणीस पोसूनही ज्याचं खोड शाबूत राहतं, ते झाड शोधायचं असतं. त्यात हा गुण एका जनुकाचा नाही. अनेक जनुकं थोडाथोडा भार उचलतात, त्यामुळे झटपट काही हाती लागत नाही.

अमेरिकेत आयोवामध्ये जॉर्ज स्प्रेग यांनी १९३०च्या दशकात हेच काम हाती घेतलं. मका काढायची यंत्रं तेव्हा येऊ लागली होती आणि आडवं पडलेलं झाड यंत्राच्या हाती लागत नव्हतं. ताठ खोडाचे १६ इनब्रेड वाण त्यांनी एकत्र मिसळले आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्या निवड चालू राहिली. १९७२ मध्ये त्याच घराण्यातून बी-७३ हा वाण बाहेर पडला. त्याच्या संकरांनी तिथली शेतं व्यापली, आणि २००९ मध्ये मक्याचा जो संदर्भ जनुकसंच प्रसिद्ध झाला तोही बी-७३चाच.

बियाणं घेताना उतारा विचाराच, पण खोडकुजीच्या चाचणीत वाण कसा टिकला हेही विचारा. दाणे पक्व होत आले की शेतात चार-पाच ठिकाणी खालची पेरं बोटांनी दाबून पाहा. दहातलं एखादं-दुसरं झाड पिचलं, तर वाऱ्याची वाट न बघता त्या शेताची काढणी आधी उरका.