भोकात बसलं म्हणजे जमलं?

काळी गोल डायल, पांढरे आकडे आणि त्यावर ‘स्मिथ्स’ हे नाव. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी स्पोर्ट्स गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे तिचं जुनं स्पीडोमीटर शोधायला फार वणवण करावी लागत नाही. डॅशबोर्डच्या भोकात बसलं की काम झालं, असं मात्र अनेकांना वाटतं.

डायलवर एक बारीक आकडा छापलेला असतो: कुठे १२८०, कुठे १०००. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत येणारी केबल मैलभरात किती फेरे घेते, त्याचा हा हिशोब. १२८०च्या गाडीला १०००चं मीटर लावलं, तर ताशी ५० मैल वेगाला काटा ६४वर जातो आणि शंभर मैलांच्या प्रवासात मीटरवर १२८ मैल चढतात. गाडी उद्या विकायची असेल, तर हा तोटा भलताच. आपल्या गाडीचा आकडा घरीच काढता येतो. केबल मीटरपासून सोडवायची, आतल्या तारेला कागदाचा तुकडा चिकटवायचा, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ५२.८ फूट, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग, सरळ ढकलायची. फेरे मोजा, शंभराने गुणा. गिअरबॉक्स किंवा मागचा अ‍ॅक्सल बदललेला असेल, तर गाडीचं मूळ मीटरही चुकीचं ठरू शकतं.

काटा थरथरला की मीटर गेलं, हाही घाईचा निकाल. बऱ्याचदा केबल कोरडी पडलेली किंवा मुडपलेली असते.

पेट्रोलचा काटा खोटं बोलत असेल, तर आधी डॅशबोर्डमागची छोटी डबी पाहावी. तो व्होल्टेज स्टॅबिलायझर. गेजला सरासरी १० व्होल्ट पुरवणं हे त्याचं काम. त्याचं अर्थिंग सैल झालं, की टाकीत आहे त्यापेक्षा जास्त पेट्रोल दिसतं.

आरपीएम मीटर घेताना ते कोणत्या अर्थिंगचं आहे, हे विचाराच; ते गाडीशी जुळायला हवं. सुरुवातीच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या. १९६७च्या सुमारास त्या निगेटिव्ह झाल्या.

आणि सर्वांत महागडी चूक तापमानाच्या गेजची. अनेक एमजीबींमध्ये त्याच्यापासून इंजिनापर्यंत जाणारी बारीक तांब्याची नळी म्हणजे वायर नव्हे. तिच्यात इथर भरलेलं असतं. गेज निघत नाही म्हणून ती कापली, की गेज तिथेच मेलं. नळी इंजिनाकडच्या टोकाच्या बल्बसकट, सावकाश काढा.